रेघेखालची होडी

विश्वामित्रीत मगरी आहेत,
म्हणून आमची नौकाशर्यत पार्किंगमध्ये.

चेल्लप्पननी एकदा सुरसागरसाठी अर्ज केला होता,
मल्याळी वळणाच्या गुजरातीत.
खिडकीतला माणूस म्हणाला, काका, पेडल बोट मिळेल,
हंसाची. अर्ध्या तासाचे साठ.

तर ओणमच्या सकाळी स्कूटर रस्त्यावर काढल्या,
लादीवर खडूनं आखले दोन काठ
लिफ्टपासून पाण्याच्या टाकीपर्यंत.
होडी म्हणजे माणसंच. फतकल मारून बसायचं
एकामागे एक, गुडघे फाकून,
आणि धोक्यानं जमीन मागं लोटायची.
आमच्या बडोद्यात धोका म्हणजे कपडे बडवायची थापी;
साताऱ्याहून आलेली माझी सून अजून दचकते
मी "जरा धोका दे गं" म्हटलं की.

ए विंगला एक माणूस कमी पडला.
माझ्या घरी गणपती, उद्या विसर्जन,
कढई गॅसवर; मी खाली आले होते
फक्त केळीचं पान मागायला.
"शिर्केबाई, बसा," चेल्लप्पन म्हणाले,
आणि मी, एकसष्ट वर्षांची, पदर खोचून
हेतलच्या मागं बसले.

बसल्यावर दिसलं.
खांबाखांबावर गेल्या वर्षीच्या पुराची रेघ,
चहाच्या डागासारखी, पण सरळ.
उभं असताना छातीला लागते;
आता सगळ्यांच्या डोक्यांवरून जात होती.
म्हणजे आम्ही पाण्याखाली होतो,
बावीस माणसं, हातात धोके,
त्याच पाण्याच्या तळाशी, ज्यानं
देसाईंचा फ्रीज गेटपर्यंत नेऊन ठेवला
आणि ज्यात एक मगर रात्रभर
जिन्याच्या चौथ्या पायरीशी
टॉर्चच्या उजेडात डोळे मिटत उघडत होती.

चेल्लप्पन मागं उभे, गुडघा नवा बसवलेला.
होडीच्या शेपटाशी उभा राहतो तो अमरक्कारन.
वल्ही सगळ्यांना, दिशा त्याला.
एकोणिसाव्या वर्षी ते वल्ह्यावर होते, शंभरांत एक,
आणि होडी हरली होती एका हातानं.
"हातभर अंतरानं?" मी विचारलं होतं.
"नाही. एका हातानं. माझ्या."
मग रिफायनरी, बॉयलर, छत्तीस वर्षं.

तै म्हटलं की उचलायचा, तोम म्हटलं की टेकायचा.
पहिल्या खांबापर्यंत जमलं.
दुसऱ्याशी माझा धोका मागे राहिला,
तिसऱ्याशी हेतलच्या पाठीत बसला,
मागून बेसिल ओरडला, आन्टी, आन्टी,
आणि वरून करपल्याचा वास.
चेल्लप्पन ओरडले नाहीत.
त्यांनी ठेकाच सावकाश केला,
इतका, की माझा हात त्यात मावला,
आणि ए विंगची अख्खी होडी
माझ्या हाताच्या वेगानं चालू लागली.

बी विंग तोवर टाकीला टेकून सरबत पीत होती.

पानावर बसल्यावर मी म्हटलं,
तुमचा राजा आमच्याकडेही येतो, पाडव्याला.
इडा पीडा टळो म्हणतो आम्ही त्याच्या नावानं.
आणि पुराणात त्याचा यज्ञ भडोचला चाललेला,
नर्मदेच्या काठी. इथून सत्तर किलोमीटर.
पापड मोडता मोडता चेल्लप्पन थांबले.
"म्हणजे त्याची तिकडे बदली झाली."
पापड पुरता चुरला बोटांत.
"माझी उलटी."

पुढच्या आठवड्यात रंगारी आला, पांढऱ्याचे डबे घेऊन.
सेक्रेटरीनं सगळे खांब दाखवले.
चेल्लप्पन खुर्ची टाकून बसले होते
लिफ्टजवळच्या खांबाला पाठ लावून,
पेपर वाचत.
रंगाऱ्यानं बाकीचे रंगवले, डबे धुतले, वाट पाहिली.
दुपारी मी चहा नेऊन दिला, दोघांना.